माकडांच्या नावावर ३२ एकर

शनिवारची सकाळ, ऑफिसला कंटाळलेले चौघं, एक गाडी आणि दोन डझन केळी. या वीकएण्डला मॉलला दांडी मारून आम्ही निघालो थेट मारुतीरायाच्या सैन्याला भेटायला... आणि केळी तशीच परत घेऊन आलो!

शनिवार पेठेत राहायचं आणि शनिवारी उशिरापर्यंत लोळायचं, हे आमच्या घरात चालत नाही. आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये हाडं कितीही खिळखिळी झालेली असोत, साडेसहाला आजीची हाक येतेच. 'ऊठ गं, वीर मारुतीला तेल घालून ये. आणि रुईची माळ विसरू नकोस!' मग ट्रॅक पॅण्टवरच, एका हातात तेलाची वाटी आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन मी बाहेर.

पुण्यातल्या मारुतींची नावं हा खरं तर स्वतंत्र लेखाचा विषय. पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, डुल्या मारुती, सोन्या मारुती, भिकारदास मारुती... आणि शनिवारवाड्याजवळचा आमचा बटाट्या मारुती. १८८६ मध्ये मंडई सुरू होण्याआधी भाजीबाजार वाड्यासमोरच्या पटांगणात भरायचा, त्यावरून हे नाव. म्हणजे बघा, आपल्याला मारुती हवा, तोही गल्लीतला, घरचा असल्यासारखा. पण मारुतीची खरीखुरी शेपटीवाली मंडळी? ती आपल्याला भेटतात फक्त सुट्टीच्या दिवशी. घाटात, गडावर, गाडीच्या काचेपलीकडे.

त्या काचेपासूनच ही गोष्ट सुरू होते.

एक बिस्किटांचा पुडा

गेल्या पावसाळ्यात आमचा ग्रुप घाटात भिजायला गेला होता. ग्रुप म्हणजे एचआर, टेस्टर, सीए आणि मी. (नावं छापायची नाहीत अशी तिघांची अट आहे, त्यामुळे हुद्द्यांवर भागवून घ्या!) एका वळणावर कठड्यावर माकडांची टोळी बसली होती. त्यात एक आई, तिच्या पोटाला घट्ट चिकटलेलं पिल्लू. 'सो क्यूट!' असं कोण ओरडलं असेल? मीच. गाडी हळू झाली, मी काच खाली घेतली आणि बिस्किटांचा पुडा भिरकावला. तो कठड्यापर्यंत पोचलाच नाही. रस्त्याच्या मधोमध पडला.

आई पुडा घ्यायला उतरली. धुकं होतं. मागून येणाऱ्या गाडीला ती दिसली नसणार. ब्रेकचा आवाज आला, आणि मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही.

पिल्लू जिवंत होतं. आईला सोडायला तयार नव्हतं. बाकीची टोळी झाडांवरून ओरडत होती. टेस्टरने १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनला फोन लावला. आम्ही पावसात रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत होतो. वन विभागाची माणसं आली, पिल्लाला टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन गेली. परत येताना गाडीत कोणी गाणी लावली नाहीत. सोमवारी क्युबिकलमध्ये कोणीतरी विचारलं, 'काय मग, वीकएण्ड कसा गेला?' मी म्हटलं, 'मस्त.'

'भेटायला येऊ नका'

दोन आठवड्यांनी धीर करून फोन केला. पिल्लू बरं होतं, दूध पीत होतं. 'मी बघायला येऊ का? केळी घेऊन येते,' मी म्हटलं. पलीकडून शांत आवाजात उत्तर आलं, 'मॅडम, नका येऊ. माणसं जितकी कमी दिसतील, तितकं त्याच्यासाठी चांगलं.'

तेव्हा रागच आला. मग थोडं वाचलं, थोडं विचारलं आणि पटलं. माकडाचं पिल्लू सगळं आईकडून आणि टोळीकडून शिकतं. कुठलं पान खायचं, कोणाला घाबरायचं, टोळीत कोणापुढे मान खाली घालायची. हे शिकण्याच्या वयात ते माणसाच्या मांडीवर वाढलं, तर माणूसच त्याची टोळी होतो. मोठं झालं, सुळे आले, की ते घरातही ठेवता येत नाही आणि जंगलातली टोळीही त्याला उभं करत नाही. म्हणून अनाथ पिल्लांना एकमेकांच्या सोबतीनं वाढवायचं, माणसांचा सहवास कमीत कमी ठेवायचा आणि जमलं तर गटानेच जंगलात सोडायचं, ही त्यातली पद्धत. पुण्यात बावधनला वन विभाग आणि 'रेस्क्यू' ही संस्था मिळून जखमी वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र चालवतात. असं केंद्र म्हणजे हॉस्पिटल असतं. प्राणी बघायला जायचं ठिकाण म्हणजे आपलं कात्रज!

आजीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, 'आमच्या लहानपणी वाड्याच्या चौकात माकडवाला यायचा. माकडीण रुसायची, माकड सासुरवाडीला जायचं. आम्ही पोट धरून हसायचो. त्याच्या गळ्यातली दोरी कधी दिसलीच नाही बघ.' केंद्र सरकारने १९९८ मध्ये माकड, अस्वल, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करण्यावर बंदी घातली. पण अशा खेळातून, पिंजऱ्यातून किंवा घरातून सुटलेल्या माकडांनी पुढे जायचं कुठे?

याचं एक उत्तर दक्षिण आफ्रिकेत सापडतं. तिथल्या प्लेटनबर्ग बे गावाजवळ 'मंकीलॅण्ड' नावाचं १२ हेक्टरचं जंगल आहे. १९९८ पासून सुरू. पाळीव म्हणून ठेवलेली, पिंजऱ्यात वाढलेली वेगवेगळ्या जातींची माकडं तिथे मोकळी फिरतात. आपण गाइडबरोबर चालायचं, झाडांच्या शेंड्यांमधून जाणाऱ्या १२८ मीटर लांबीच्या झुलत्या पुलावरून बघायचं. हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही. सॉलिड! लगेच ग्रुपवर लिंक टाकली. सीएने विमानाच्या तिकिटाचा आकडा टाकला आणि ग्रुपवर शांतता पसरली.

मग टेस्टरने एक जुनी बातमी टाकली. ऑक्टोबर २०२२ ची. आपल्याच महाराष्ट्रात, धाराशिव जिल्ह्यातल्या उपळे गावात, ३२ एकर जमीन चक्क माकडांच्या नावावर आहे! १२ हेक्टर म्हणजे साधारण ३० एकर. म्हणजे आफ्रिकेपेक्षा दोन एकर जास्तच. ठरलं!

केळीवरून भांडण

शनिवारी पहाटे पाचला निघालो. (वीर मारुतीला लांबूनच नमस्कार. आजीने तेलाची जबाबदारी स्वतःकडे घेतली.) सोलापूर रोड, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मग डावीकडे वळून कुर्डुवाडी आणि बार्शी. भिगवणच्या चहापर्यंत सगळं छान चाललं होतं. मग डिकीतल्या दोन डझन केळ्यांचा शोध लागला.

'बिस्किटं वाईट, मान्य. पण फळं तर ती खातातच ना?' एचआरचा मुद्दा. तिला बिचारीला प्रायश्चित्त घ्यायचं होतं.

मुद्दा केळ्याचा नाहीच. जंगलातलं माकड दिवसाचे कित्येक तास खाणं शोधत हिंडतं. इथली चार पानं, तिथली फळं, मधेच किडे. रस्त्यावर तेवढंच पोट पाच मिनिटांत भरतं. मग जंगलात जायचंच कशाला? टोळी रस्त्यावर मुक्काम ठोकते. भरपूर खाणं मिळाल्यावर पिल्लंही जास्त होतात. गर्दी वाढते, भांडणं वाढतात, गाड्यांखाली येणं वाढतं. आणि पर्यटक नसले, की भुकेली टोळी शेजारच्या शेतात घुसते. आपण टाकलेल्या केळ्याची किंमत शेवटी शेतकरी मोजतो.

वानरांचं तर आणखी वेगळं. आपण सगळ्यांनाच माकड म्हणतो, पण काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर आणि लालसर तोंडाचं ते माकड. वानराच्या पोटात कप्पे असतात. तिथे पानं आंबवून पचवली जातात. त्यात पाव आणि गोड पदार्थ गेले, की सगळी सिस्टीम हँग! माकडाच्या गालात पिशव्या असतात. हाताला लागेल ते त्यात कोंबायचं आणि पळायचं. म्हणून ते हिसकावतं. त्याला 'आगाऊ' म्हणणारे आपण. त्याला ते शिकवणारेही आपणच.

आणि घाटात दिसणारं ते टोपी माकड, डोक्यावरच्या केसांचा टोपीसारखा भांग पाडलेलं? ते जगात फक्त दक्षिण भारतात आणि आपल्या बाजूला मिळतं. २०२० मध्ये आययूसीएनच्या यादीत ते 'असुरक्षित' गटात गेलं. आपल्याला वाटतं, माकडं काय, ढिगाने आहेत!

'पण आपण नाही दिलं तर ती उपाशी मरतील,' एचआर अजून ठाम होती. त्यावर टेस्टरने पुण्यातलंच उदाहरण काढलं. २०२० चं लॉकडाऊन. आपल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला कोव्हॅक्सिनच्या चाचणीसाठी २० माकडं हवी होती. एरवी गावाशहरात सहज दिसणारी माकडं तेव्हा सापडेनात. माणसं घरात, खाणं बंद. त्यामुळे माकडं चक्क जंगलात निघून गेली होती. शेवटी वन विभागाच्या मदतीने शोधाशोध करून ती नागपूरकडे मिळाली. थोडक्यात, जंगल शिल्लक असेल, तर त्यांना परतीचा रस्ता माहीत असतो.

केळ्यांची पिशवी पुन्हा डिकीत गेली.

आधी रामलिंग

बार्शीच्या पुढे येडशी लागतं. इथलं रामलिंग घाट अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झालं. जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं, पण डिसेंबर २०२४ मध्ये विदर्भातल्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ इथल्या कॅमेऱ्यात दिसला होता! दरीत रामलिंगाचं मंदिर आहे. रावणाशी लढताना जटायू इथेच पडला, अशी इथली कथा. म्हणजे जखमी प्राण्याजवळ थांबून त्याला पाणी देण्याची ही जागा. आमच्यासाठी ही जागा फारच नेमकी होती.

मंदिराच्या आवारात माकडं होती आणि माणसंही. एका लहान मुलीच्या हातातली चिवड्याची पिशवी एका हुप्प्याने क्षणात लांबवली. मुलगी रडायला लागली, बाबा चप्पल घेऊन धावले, बाकीच्यांनी मोबाइल काढले. आम्ही चौघं हात मोकळे ठेवून पायऱ्यांवर बसलो. दहा मिनिटांत माकडांचा आमच्यातला इंटरेस्ट संपला. आणि मग खरी मजा सुरू झाली. एक म्हातारी माकडीण दुसरीच्या केसांतून काहीतरी शोधत होती. दोन पिल्लं एका फांदीवरून ढकलाढकली करत होती. एका आईनं उनाड पिल्लाची शेपटी धरून त्याला मागे ओढलं, अगदी तुळशीबागेत आया ओढतात तसं. आमच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. इतक्या वर्षांत माकडांना माकडांसारखं वागताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मालक घरी नाहीत

उपळ्याला विचारत विचारत पोचलो. आजूबाजूला याच नावाची आणखी गावं आहेत म्हणून म्हणा किंवा कौतुकानं म्हणा, लोक याला 'माकडाचं उपळं' म्हणतात. पारावर एक आजी बसल्या होत्या. 'माकडांची जमीन कुठे आहे हो?' म्हटल्यावर त्यांनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं. 'जमीन बघाया पुण्याहून आलाव? इकत घ्याची हाय का काय?' सगळे हसलो.

ग्रामपंचायतीच्या कागदपत्रांत ही ३२ एकर जमीन गावातल्या माकडांच्या नावे आहे. ती कोणी दिली आणि कधी दिली, हे गावालाही ठाऊक नाही, असं तेव्हाच्या सरपंचांनीच २०२२ मध्ये सांगितलं होतं. पूर्वी गावातल्या प्रत्येक कार्यात माकडांचा मान असायचा. लग्न असलं, की आधी माकडांना आहेर आणि मगच अक्षता! आता सगळेच ते पाळत नाहीत. त्या बातमीच्या वेळी गावात शंभरेक माकडं होती. पूर्वी याहून जास्त असायची, पण ती एका जागी टिकत नाहीत.

जमिनीवर गेलो. कुंपण नाही, गेट नाही, तिकीट नाही, 'सेल्फी पॉइंट' नाही. पूर्वी इथे एक रिकामं घर होतं, ते पडलं. वन विभागाने झाडं लावली आहेत. वारा होता, पाखरं होती. माकड मात्र एकही नाही! अडीचशे किलोमीटर गाडी हाणून आलो आणि मालकच घरी नाहीत. सीएने एकराचा भाव गुणून बघितला आणि म्हणाला, 'आपल्या चौघांच्या नावावर मिळून वन बीएचके नाही राव!'

मालक सापडले गावात, पत्र्यांवर आणि झाडांवर. पारावरच्या आजींना विचारलं, 'तुम्ही यांना खायला देता?' 'दारात आलं तर भाकरतुकडा देतो की. न्हाई कुणी म्हणत न्हाई.'

मी जरा गोंधळलेच. रस्ताभर एचआरला एवढं लेक्चर दिलं, आणि ज्यांचं कौतुक वाटून इथवर आलो, तेही खायला देतातच की! 'मग शेतात त्रास नाही देत?' आजी म्हणाल्या, 'देतेत की. पिकाचं नुसकान हुतंय. पर त्यांची जमीन हाय, ती कुठं जातील?'

परतीच्या वाटेवर हेच वाक्य डोक्यात घोळत होतं. मला वाटतं, फरक इथे आहे. आजी रोज त्याच माकडांबरोबर राहतात. त्यांचा त्रास सोसतात, नुकसान सोसतात, आणि उद्याही तिथेच असतात. दारात भाकरी देणं चूक की बरोबर, यावर जाणकार वाद घालतील, घालोत. पण मी घाटात पुडा फेकला, तेव्हा मला त्या माकडिणीबरोबर एक मिनिटही राहायचं नव्हतं. मला फक्त 'सो क्यूट' म्हणायचं होतं आणि पुढे जायचं होतं. उपळ्याच्या कोणा जुन्या माणसाने माकडांना जागा दिली. मी दिलं पाकीट.

आफ्रिकेतलं ते जंगल छानच असणार. पण ते सुटका करून आणलेल्या माकडांचं घर आहे. सुटका करायची वेळच येऊ नये, यासाठी जे लागतं, ते उपळ्याच्या त्या कागदावर आहे. त्यांची जागा त्यांच्याकडे राहणं. आणि आपला हात आपल्याकडे.

रात्री अकराला शनिवार पेठेत पोचलो. केळी पार काळी पडली होती. आजीने रविवारी त्यांचं शिकरण केलं.

'मग, दिसले का मारुतीराय?' वाटी पुढे करत तिनं विचारलं.

'दिसले की. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी.'

'बरं झालं,' आजी म्हणाली. 'खा आता.'

जाणार असाल तर...

• पुणे–टेंभुर्णी–बार्शी–येडशी असा रस्ता. पहाटे निघालात तर एका दिवसात जाऊन येता येतं. ड्रायव्हिंग वाटून घ्या. येडशीला बार्शी–लातूर मार्गावर रेल्वे स्टेशनही आहे.

• रामलिंगाचा धबधबा फक्त पावसाळ्यात. माकडं मात्र बारमाही!

• उपळे हे राहतं गाव आहे, पिकनिक स्पॉट नाही. विचारून फिरा, विचारून फोटो काढा.

• खाण्याच्या पिशव्या डिकीत. हातात काही दिसलं नाही, तर माकड अंगावर येण्याचं कारणच उरत नाही.

• माकडाकडे टक लावून बघू नका आणि दात दाखवून हसू नका. त्यांच्या भाषेत टक लावून बघणं ही धमकी असते. सेल्फीवाल्यांनो, ऐकताय ना?

• चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रेबीजची लस टाळू नका.

• जखमी वन्यप्राणी दिसला, तर उचलून घरी नेऊ नका. पाणी पाजायची, फोटो काढायची घाई नको. १९२६ ला फोन करा, लांब उभे राहा आणि रस्त्यावरच्या गाड्या हळू करा.

• आणि घाटात काच वर!